औंध ते म्हसवड: स्वावलंबनाचे कांहीं प्रयोग

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांचा नकाशा समोर धरला तर पश्चिमेस सह्याद्रीचा कणा, मध्यें कृष्णेचें खोरें आणि पूर्वेस उघडें माळरान अशी त्यांची विभागणी सहज डोळ्यांत भरते. महाबळेश्वरीं वर्षाकांठीं पांच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो. तेथून शंभर-सव्वाशें किलोमीटर पूर्वेस, माण, खटाव, खानापूर, आटपाडी या तालुक्यांत तोच पाऊस पांचशें मिलिमीटरांच्या आसपास येऊन थबकतो, आणि कित्येक वर्षीं तेवढाहि पडत नाहीं. सांगली जिल्ह्याचा बराचसा भाग पूर्वीं साताऱ्यांतच मोडे. १९४९ सालीं दक्षिण सातारा म्हणून तो वेगळा झाला आणि १९६० सालीं त्यास सांगली हें नांव मिळालें. कागदावरची ही वांटणी पावसाला ठाऊक नाहीं. पूर्वेकडचा दुष्काळ दोन्ही जिल्ह्यांत एकच आहे.

या पूर्वभागांतील माणसाचा दुष्काळावरचा पहिला उपाय म्हणजे गांव सोडणें. धनगर मेंढरें घेऊन चाऱ्याच्या शोधांत दूरच्या वाटेला लागे. घरांतला एखादा भाऊ मुंबईच्या गिरणींत साच्यावर उभा राही. खानापूर-आटपाडीकडचे तरुण सोनें-चांदी गाळण्याचा, म्हणजे गलाईचा, धंदा शिकून देशभरच्या शहरांत पसरले, व आजहि पसरलेले आहेत. मागें राहिलेल्या घराचा जीव पोस्टमनच्या पिशवींत अडकलेला असे. मनीऑर्डर आली तर बी-बियाणें, न आली तर सावकार. गेलेल्यांचा पराक्रम थोर आहे. पण आज मला बोलावयाचें आहे तें मागें राहिलेल्या घराविषयीं. त्या घरानें जागच्या जागीं, कोणाच्या दयेवांचून उभें राहावें यासाठीं गेल्या शतकांत जे प्रयत्न झाले त्यांपैकीं तीन-चार प्रयत्नांकडे आपण पाहूं. त्या प्रत्येकास एकच प्रश्न विचारण्याचा माझा विचार आहे: गरिबाच्या हातीं किल्ली आली, कीं केवळ घांस आला?

आरंभ औंधापासून केला पाहिजे. औंध संस्थान हें एक विलक्षण प्रकरण होतें. क्षेत्रफळ सुमारें ५०० चौरस मैल, गांवें ७२, आणि तींहि सलग नव्हेत. औंध खटावच्या माळावर, आटपाडी त्याच्या पूर्वेस, कुंडल कृष्णेच्या बाजूस, आणि गुणदाळ तर थेट विजापुराकडे. मधल्या मुलुखावर इंग्रजांचा अंमल. अशा विखुरलेल्या, कोरड्या आणि निर्धन राज्याच्या गादीवर १९०९ सालीं भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधि आले. सूर्यनमस्कारांचा प्रसार करणारा, स्वतः चित्रें काढणारा, हातीं चिपळ्या घेऊन कीर्तनास उभा राहणारा हा राजा इतर संस्थानिकांच्या पंक्तींत शोभण्यासारखा नव्हता. आणि त्याची त्यास फिकीरहि नसावी.

त्यांच्या हातून घडलेली पहिली मोठी गोष्ट पुष्कळांस माहीत आहे. बेळगांवांत लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्याची जागा सोडावी लागली तेव्हां बाळासाहेबांनीं कुंडल रोड स्टेशनजवळचा माळ त्यांस देऊं केला. निवडुंगानें माजलेल्या आणि सापांनीं भरलेल्या त्या माळावर १९१० सालीं किर्लोस्करवाडी उभी राहिली. तेथें तयार झालेला लोखंडी नांगर विकतांना कमी त्रास पडला नाहीं. लोखंडानें जमिनीस विष भिनतें असा शेतकऱ्यांचा समज होता. पण लांकडी नांगरास दाद न देणारी हरळी आणि कुंदा या नांगरानें उखडली जाऊं लागली, तेव्हां तो समज आपोआप मावळला.

दुसरी गोष्ट तितकी परिचित नाहीं, आणि आपल्या विषयाच्या दृष्टीनें तीच अधिक महत्त्वाची आहे. राजाचे चिरंजीव अप्पासाहेब पंत विलायतेंत ऑक्सफर्ड येथें शिकून परत आले. त्याच सुमारास बंगलोरच्या विजेच्या सामानाच्या कारखान्यांत काम केलेला मॉरिस फ्रीडमन नांवाचा पोलंडमधील ज्यू अभियंता औंधास येऊन राहिला. भगवीं वस्त्रें घेऊन भारतानंद हें नांव धारण करणारा हा गृहस्थ गांधीजींच्या निकटचा होता. पुढें निसर्गदत्त महाराजांचीं संभाषणें इंग्रजींत ग्रथित करणारा तो हाच. बाळासाहेब, अप्पासाहेब आणि फ्रीडमन या तिघांच्या विचारांतून असें ठरलें कीं, राजानें आपली सत्ता प्रजेच्या हवालीं करावी. १९३८ च्या अखेरीस गांधीजींचा सल्ला घेण्यांत आला आणि १९३९ च्या जानेवारींत औंधाची नवी राज्यघटना जाहीर झाली. राजाच्या खाजगी खर्चास मर्यादा पडली, आणि तीहि राजाच्या संमतीनें.

या घटनेंत पाया होता तो गांवाचा. प्रत्येक गांवानें पांच पंच निवडावयाचे. पंचायतींच्या अध्यक्षांनीं तालुक्याची सभा बनवावयाची. आणि तालुक्यांच्या सभांतून संस्थानच्या विधिमंडळावर माणसें जावयाचीं. म्हणजे सत्ता वरून पाझरत येण्याऐवजीं खालून चढत जावयाची. गांवची शाळा, गांवची विहीर, गांवचा रस्ता, गांवांतला तंटा, यांचा निवाडा व हिशेब गांवानेंच करावयाचा. त्या वेळीं शहरांतील जाणत्या लोकांनीं हसून विचारलें असेल कीं, ज्यांस आपल्या खातेपुस्तिकेवरचा आंकडा वाचतां येत नाहीं ते पांच शेतकरी राज्य काय चालविणार? या शंकेस एकच उत्तर संभवतें. जो आंकडा आपल्या घरावर येऊन आदळतो तो वाचावयास माणूस फार लवकर शिकतो. सावकाराच्या वहींतल्या आंकड्याविषयीं तेंच म्हणतां आलें असतें. परंतु ती वही कुणब्याच्या हातीं कधीं पडलीच नव्हती.

याच प्रयोगांतून आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची वसाहत १९३९ सालीं निघाली. तुरुंगास भिंत नाहीं आणि पायांत बेडी नाहीं. शिक्षा झालेल्या माणसास जमीन कसावयास मिळे, आणि बायकामुलांसह तेथें राहण्याची मुभा असे. या गोष्टीचें महत्त्व केवळ दयेच्या मापानें मोजूं नये. गरिबाच्या घरांतला कर्ता पुरुष तुरुंगांत गेला कीं शिक्षा त्या एकट्यास होत नाहीं. शेत पडीक पडतें, बैल विकले जातात, मुलें दुसऱ्यांचीं गुरें राखूं लागतात. स्वतंत्रपुरानें कैद्याच्या कुटुंबास त्या शिक्षेंतून सोडविलें. याच वसाहतीच्या हकिकतीवरून ग. दि. माडगूळकरांनीं कथा रचली आणि व्ही. शांतारामांनीं १९५७ सालीं ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट काढला. माडगूळकर हे याच आटपाडी महालांतले, औंधाच्या शाळेंत शिकलेले. तेव्हां ही गोष्ट त्यांना दुरून ऐकावी लागली नाहीं. स्वतंत्रपूर आजहि राज्याच्या कारागृह खात्याची खुली वसाहत म्हणून चालतें.

औंधाचा प्रयोग मात्र टिकला नाहीं. १९४८ च्या मार्च महिन्यांत संस्थान मुंबई राज्यांत विलीन झालें आणि ७२ गांवांच्या पंचायती इतर खेड्यांच्या रांगेंत जाऊन बसल्या. विलीनीकरण योग्यच होतें. देश एक व्हावयाचा तर संस्थानें जाणें अपरिहार्य होतें. तथापि एक गोष्ट नजरेआड करूं नये. राजानें उदार मनानें जें दिलें तें एका कागदानें गेलें, आणि ज्यांना तें मिळालें होतें त्यांस तें राखण्याची शक्ति अद्यापि आली नव्हती. शिवाय राज्य देतां आलें तरी पाणी देतां आलें नव्हतें. पंचायत भरली, पण विहीर कोरडीच राहिली.

आतां औंधाच्या माळावरून कृष्णेच्या खोऱ्यांत उतरूं. किर्लोस्करवाडीचे नांगर विकीत खेडोपाडीं हिंडणारा एक धिप्पाड तरुण होता. त्याचें नांव भाऊराव पायगोंडा पाटील. जन्म १८८७ सालीं कोल्हापुराकडील कुंभोज येथें, घराणें वाळवें तालुक्यांतील ऐतवडें बुद्रुकचें. नांगर विकण्यासाठीं दारोदार जातांना शेतकऱ्याचें घर आंतून जसें दिसतें तसें तें पुस्तकी सुधारकास दिसत नाहीं. भाऊरावांस तें दिसलें. १९१९ च्या ४ ऑक्टोबरला कऱ्हाड तालुक्यांतील काले या गांवीं त्यांनीं रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ सालीं साताऱ्यास वसतिगृह काढलें. १९२७ च्या फेब्रुवारींत गांधीजींनीं त्यास भेट दिली व त्यांच्याच हस्तें त्याचें छत्रपति शाहू बोर्डिंग हाउस असें नामकरण झालें. या वसतिगृहांत मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन अशीं सर्व मुलें एका पंक्तीस जेवत, आपलें अन्न आपण शिजवीत, शेतांत राबत, आणि राबून शिकत. कमवा आणि शिका ही ती रीत. मुलें उपाशीं राहूं नयेत म्हणून भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनीं अंगावरचे दागिने, अखेरीस मंगळसूत्रहि, विकलें, ही हकीकत सातारकरांच्या घरोघरीं सांगितली जाते.

या पद्धतींत एक मर्म आहे. गरीब बापास मुलाची फी जड वाटते ती पैशापुरती नव्हे. मुलगा शाळेंत गेला कीं शेतांतला एक हात कमी होतो, ही खरी अडचण. भाऊरावांनीं हात व डोकें या दोघांना एकाच दिवसांत जागा करून दिली. १९४० सालीं साताऱ्यास महाराजा सयाजीराव विद्यालय आणि १९४७ सालीं छत्रपति शिवाजी महाविद्यालय निघालें. हजारों खेडुतांचीं मुलें शिक्षक, वकील, अभियंते झालीं. तरीहि इतिहास सांगतांना दुसरी बाजू सांगणें भाग आहे. शिकलेला मुलगा बहुधा गांवीं परतला नाहीं. त्याचें घर सावरलें, पण तें पुन्हा मनीऑर्डरीनेंच, फार तर मोठ्या मनीऑर्डरीनें. हा भाऊरावांचा दोष नव्हे. ज्या गांवांत पाणी नाहीं तेथें पदवी घेऊन परतावें तरी कशासाठीं?

म्हणजे गोष्ट पुन्हा पाण्यापाशीं आली. १९४२ नंतरच्या प्रतिसरकारच्या दिवसांत कुंडल, वाळवें, कासेगांव या भागांतील कार्यकर्ते औंध संस्थानच्या हद्दीचा आसरा घेत. इंग्रजांच्या पोलिसास तेथें मोकळेपणीं शिरतां येत नसे. क्रांतिसिंह नाना पाटील, जी. डी. लाड, नागनाथ नायकवडी यांच्या त्या पिढीनें गांवच्या न्यायनिवाड्याचा कारभार स्वतः चालविला होता. राजानें न देतां स्वतः घेतलेली ती सत्ता होती. स्वातंत्र्यानंतर याच माणसांची आणि त्यांच्या मुलाबाळांची दृष्टि पाण्याच्या वांटणीकडे वळली, यांत नवल नाहीं.

१९८२ सालीं मुंबईचा गिरणीसंप सुरू झाला आणि खानापूर तालुक्याचे हजारों कामगार गांवीं परतले. वर दुष्काळ. येरळा नदीचें पात्र वाळूनें भरलेलें, आणि त्या वाळूचे लिलाव ठेकेदारांच्या पदरांत. वाळू म्हणजे नदीची घागर. पावसाळ्याचें पाणी ती पोटांत धरून ठेवते आणि कांठच्या विहिरींस हळूहळू पुरविते. वाळूचे ट्रक भरभरून जाऊं लागले तसे विहिरींचे तळ उघडे पडले. मुक्ति संघर्ष चळवळीच्या माणसांनीं, त्यांत बाबूजी व इंदुताई पाटणकर या प्रतिसरकारांतील दांपत्याचे चिरंजीव भारत पाटणकर होते, ही गोष्ट लोकांस समजावून सांगितली. तेव्हां बलवडी व तांदुळवाडी या गांवांनीं एक युक्ति काढली. ठेकेदारास हटवून थोडीच वाळू गांवानें स्वतः विकावी आणि त्या पैशांतून येरळेवर आपलें धरण बांधावें. सरकारी परवानगीसाठीं झगडावें लागलें, अभियंते के. आर. दाते यांनीं जाणकारीची मदत केली. महाविद्यालयांतले विद्यार्थी श्रमदानास आले. १९८९ च्या सुमारास बळीराजा स्मृति धरण उभें राहिलें.

धरण लहान आहे. त्याच्या पाण्याची वांटणी मात्र पाहण्यासारखी आहे. आपल्याकडे पाणी जमिनीच्या मागें जातें: ज्याची जमीन मोठी त्याचें पाणी मोठें, आणि ज्याच्यापाशीं पंप त्याचा ऊंस. येथें ठरलें तें असें कीं, पाण्याचा वांटा कुटुंबागणिक सारखा. भूमिहीनासहि तितकाच. ज्यापाशीं शेत नाहीं त्यानें आपल्या पाण्याच्या बळावर दुसऱ्याची जमीन वांट्यानें करावी. शेजारच्या पुणें जिल्ह्यांत, पुरंदर तालुक्यांतील नायगांव येथें विलासराव साळुंखे यांनीं सत्तरच्या दशकांत पाणी पंचायतीचा जो पायंडा पाडला त्यांतहि हेंच सूत्र होतें: माणशीं पाणी, भूमिहीनास हक्क, उंसास मज्जाव. उंसास मज्जाव कशासाठीं, असें कृष्णाकांठचा श्रोता विचारील. वाळवें-कऱ्हाडकडे उंसानें आणि सहकारी साखर कारखान्यांनीं शेतकऱ्याचें दैन्य पुष्कळ घालविलें, हें कोणी नाकारीत नाहीं. पण एका एकर उंसास जें पाणी लागतें त्यांत ज्वारी-बाजरीचे कित्येक एकर भिजतात; आणि दुष्काळी गांवीं एकाचा ऊंस म्हणजे दहांची तहान.

पुढें १९९३ पासून नागनाथअण्णा नायकवडी यांच्या पुढाकारानें आटपाडीस दुष्काळी तालुक्यांच्या पाणी परिषदा भरूं लागल्या. कृष्णेचें पाणी उपसून पूर्वेकडे न्यावें आणि तें सर्वांस समान वांटावें, ही त्यांची मागणी होती. टेंभू योजनेचें पाणी आटपाडीपर्यंत आलें त्यामागें त्या मोर्चांची आणि परिषदांची कित्येक वर्षें आहेत. पाणी येणें ही अर्धी गोष्ट झाली. तें दर कुटुंबास मोजून मिळणें ही दुसरी अर्धी, आणि तिची ओढाताण संपलेली नाहीं. जेथें १९३९ सालीं राजानें सत्ता देऊं केली त्याच आटपाडी महालांत आज वांटा मागितला जातो, आणि मागणारा खालीं मान घालून मागत नाहीं.

या सर्व हकिकतींत एक घटक आतांपर्यंत गप्प बसला आहे. औंधाचे पंच पुरुष, भाऊरावांच्या वसतिगृहांतले बहुतेक विद्यार्थी मुलगे, गिरणींतून परतणारे पुरुष. मागें राहिलेलें घर, असें मी वारंवार म्हणालों. तें घर चालवीत होती कोण? माणदेशांत घरचा पुरुष वर्षांतले आठ महिने बाहेर असतां शेरडें राखणारी, रोजगार हमीच्या कामावर खडी फोडणारी, आठवडी बाजारांत मेथीची जुडी विकणारी बाई होती. तिच्या कमाईस मात्र कोठेंच जागा नव्हती.

म्हसवड हें माण तालुक्यांतील सिद्धनाथाचें गांव. तेथें लग्न होऊन आलेल्या चेतना सिन्हा या जयप्रकाशांच्या चळवळींतून आलेल्या कार्यकर्त्या. रस्त्याकडेला लोहारकाम करून राहणारी एक बाई त्यांजकडे आली. पावसाळ्यांत झोपडीवर टाकावयास ताडपत्री घ्यावयाची म्हणून तिला रोज थोडे पैसे सांठवावयाचे होते, आणि बँक तिचें खातें उघडीत नव्हती. एवढ्या लहान रकमेसाठीं कागद रंगविणें बँकेस परवडत नसे. तेव्हां बायकांनीं आपलीच बँक काढावयाचें ठरविलें. रिझर्व्ह बँकेनें पहिला अर्ज फेटाळला, कारण प्रवर्तकांच्या यादींत सह्यांच्या जागीं अंगठे होते. बायका निराश झाल्या नाहींत; त्या अक्षरें गिरवूं लागल्या. कांहीं महिन्यांनीं चेतनाबाईंसमवेत त्या पुन्हा अधिकाऱ्यांपुढें जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या कीं, आम्हांला वाचतां येत नाहीं म्हणून नाकारलेंत, पण मोजतां येतें. हवी ती रक्कम सांगा आणि व्याज विचारा, तुमच्या अधिकाऱ्यांनीं यंत्र घ्यावें, आम्ही तोंडीं सांगतों. १९९७ सालीं माणदेशी महिला सहकारी बँकेस परवाना मिळाला.

बँक निघाल्यावर ज्या अडचणी आल्या त्या कोणत्याहि अर्थशास्त्राच्या पुस्तकांत सांपडणार नाहींत. बाजारांतली बाई दुपारीं टोपली टाकून बँकेंत येऊं शकत नाहीं. म्हणून बँकेचा माणूस तिच्या टोपलीपाशीं जाऊं लागला. दुष्काळांत चारा संपला तेव्हां गुरें विकावयाची पाळी येऊं नये म्हणून संस्थेनें म्हसवडास जनावरांची छावणी चालविली. २००६ च्या सुमारास बायकांसाठीं धंद्याचें शिक्षण देणारी शाळा निघाली, आणि २००८ सालीं तर म्हसवडास स्वतःचें नभोवाणी केंद्रहि झालें. माणदेशी बोलींत शेरडांच्या रोगाविषयीं आणि बाजारभावाविषयीं तें बोलतें. आमच्यासारख्या नभोवाणीवर शुद्ध बोलणाऱ्यांनीं तें एकदां ऐकावें असें आहे.

आणि मग एक तक्रार आली. आम्हांला बँकेचें पुस्तक घरीं नको, असें कांहीं बायका म्हणूं लागल्या. पुस्तक घरांत असलें कीं नवरा शिल्लक पाहतो आणि पैसे मागतो. बँकेनें विचार केला आणि पुस्तकाऐवजीं एक लहानसें कार्ड काढलें. त्यावर शिल्लक छापलेली नसते. आंकडा त्या बाईस ठाऊक असतो आणि बँकेस.